वादळानंतरचा दिवस

जबलपुरात बर्फ पडत नाही. फाल्गुनाच्या शेवटी एखाद्या संध्याकाळी गारा पडतात, पोरं वाट्या घेऊन अंगणात धावतात, आणि वाटी घरात येईपर्यंत तिच्यात पाणी झालेलं असतं. बड्या फुहाऱ्याच्या मागच्या एका गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. फुहाऱ्याभोवती कापडाची, भांड्यांची, चांदीची दुकानं, आणि थोडं पुढे त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी १९३९ साली उभारलेला कमानिया गेट. मे महिन्यात त्या दगडी गल्ल्या रात्री दहापर्यंत तापलेल्या असायच्या. तरी बर्फाबद्दलचं पहिलं शहाणपण मला मिळालं ते याच गल्लीत, दोरीच्या बाजेवर बसून.

ते देणारे गृहस्थ जम्मू अँड काश्मीर रायफल्समधून निवृत्त झालेले सुभेदार होते. आम्ही त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचो. मूळचे डोगरा, पण शेवटची नोकरी जबलपूरच्या छावणीत झाली आणि ते इथेच राहिले. त्यांची आणि बाबांची ओळख कमानिया गेटजवळ खव्याची जलेबी खाताना झाली. बाबा वाहन कारखान्यात होते, शक्तिमान ट्रकच्या जोडणीच्या विभागात. सुभेदारसाहेबांनी तो ट्रक लडाखच्या वाटेवर वापरलेला होता. एकाने बनवलेली वस्तू दुसऱ्याने बर्फात ढकलली होती, एवढ्या धाग्यावर त्यांची मैत्री वीस वर्षं टिकली. बाबा त्यांच्याशी मराठी वळणाच्या हिंदीत बोलायचे, ते डोगरी वळणाच्या.

एकदा मी त्यांना विचारलं की बर्फाच्या वादळाची भीती वाटत नाही का. ते म्हणाले, "बेटा, तूफ़ान से कौन मरता है? तूफ़ान में तो आदमी तंबू में बैठा रहता है। डरना है तो उसके बाद वाली धूप से डरो।" मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं कोडं वाटलं. त्यातला अर्थ कळायला मला गुलमर्गला जावं लागलं, आणि नंतर थोडा इतिहास वाचावा लागला.

गुलमर्गच्या त्या दिवसाकडे वळण्याआधी हे सांगायला हवं, की जबलपूरच्या माणसाला बर्फाचं कौतुक वाटावं यात तितकंसं नवल नाही. हे शहर उष्ण खरं, पण त्याचा एक हात कायम बर्फात असतो. मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडला घेतलं, पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर जिंकून इथे छावणी टाकली. आमच्यासारखी मराठी घरं काही त्या काळातली, काही पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि कारखान्यांमागून आलेली. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं महाराष्ट्रात म्हटलं गेलं; पण हिमालयात प्रत्यक्ष धावायला चाकं लागतात. ती जबलपुरात बनू लागली. शक्तिमान ट्रक आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि १९६९ मध्ये वाहन कारखाना उभा राहिल्यावर तिथे. 'जोंगा' या जीपच्या नावातला पहिला 'ज' तर जबलपूरचाच. दर वसंतात झोजी-ला खिंडीतला बर्फ कापून रस्ता मोकळा झाला की त्यातून वर चढणाऱ्या गाड्यांमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी आवळलेले नटबोल्ट असत.

आणि छावणीत होती सुभेदारसाहेबांची रेजिमेंट. तिचं प्रशिक्षण केंद्र जबलपुरात आहे. ही रेजिमेंट आपली वंशावळ गुलाबसिंगांच्या डोगरा फौजेपर्यंत नेते, म्हणजेच जनरल जोरावरसिंगांपर्यंत. लडाख जिंकलेल्या जोरावरसिंगांनी १८४१ मध्ये पश्चिम तिबेटवर स्वारी केली. उन्हाळ्यात ते मानसरोवराच्या पलीकडे तकलाकोटपर्यंत पोचले. मग हिवाळा आला, मागच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या. हातापायांची बोटं गळू लागली, उबेसाठी सैनिकांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. १२ डिसेंबर १८४१ रोजी तोयोच्या लढाईत जोरावरसिंग पडले. सुभेदारसाहेब ही गोष्ट सांगताना शौर्यापाशी फार थांबत नसत. "लौटने का महीना निकल गया था," एवढंच म्हणत आणि चहाचा पेला खाली ठेवत.

आता माझा दिवस.

काही वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी पुण्याच्या भाच्याबरोबर गुलमर्गला गेलो. मी तरुणपणी तिथे स्कीचा प्राथमिक अभ्यासक्रम केला होता. नंतर नोकरी-संसारात वीस वर्षं गेली. भाचा पंचवीस-सव्वीसचा, परदेशात शिकताना स्नोबोर्ड शिकून आलेला. तो बरोबर स्प्लिटबोर्ड घेऊन आला होता. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: हा एक स्नोबोर्डच, पण लांबीच्या मधोमध दोन भागांत उघडणारा. वर चढताना ते दोन भाग दोन स्की होतात. माथ्यावर पोचलं की जोडून पुन्हा एक फळी करायची आणि उतरायचं. चढताना तळाला एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. तिच्यावरची लव एकाच दिशेला झुकलेली असते. पाय पुढे सरकवला की ती आडवी होऊन घसरू देते, मागे भार टाकला की उभी राहून बर्फ पकडते. ही पट्टी आज नायलॉनची किंवा मोहेरची असते, पण नाव आलं ते सीलच्या कातड्यावरून. चीनच्या अल्ताई पर्वतात आजही लाकडी स्कीच्या तळाला घोड्याच्या पायाचं केसाळ कातडं लावतात. फ्रित्यॉफ नान्सेन १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेला आणि युरोपला हे साधन नव्याने कळलं. स्प्लिटबोर्ड मात्र कालपरवाचा, १९९० च्या दशकातला, अमेरिकेच्या युटा राज्यातला. साधन नवं, पण बर्फावर वर जाण्याची युक्ती मेंढपाळाची आणि शिकाऱ्याची आहे.

आम्ही पोचलो त्याच रात्री बर्फ सुरू झाला. काश्मिरी माणसाचा हिवाळा हिशेबाचा असतो: चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. हे सगळं संपून गेलं होतं. तरी हे वादळ आलं आणि दोन रात्री, एक दिवस थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पडदा सरकवला तर आकाश धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखं लखलखीत. देवदारांच्या फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. अफरवाटच्या माथ्यावरून वारा बर्फाची बारीक पूड उडवत होता. भाचा कपडे घालून तयार होता.

"मामा, असा दिवस वर्षातून एकदा मिळतो," तो म्हणाला. खरंच होतं ते. ताजा, हलका, मांडीपर्यंत बर्फ आणि ऊन. सगळं गुलमर्ग त्याच भाषेत बोलत होतं.

आमचा वाटाड्या टंगमर्गचा होता, चाळिशीतला, कमी बोलणारा. गोंडोल्याचा वरचा टप्पा, जो सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, तो बंदच होता. वादळानंतर तिथले लोक उतार तपासल्याशिवाय तो उघडत नाहीत. आम्ही स्किन लावून खिलनमर्गच्या दिशेने पायी निघालो. बेत असा, की जंगलाच्या कडेने वर जायचं आणि एका उघड्या घळीच्या माथ्यावरून खाली उतरायचं. तासाभराने आम्ही त्या घळीच्या तोंडाशी आलो. तिच्यावर एकही रेघ नव्हती. भाच्याने फोटो काढला.

वाटाड्याने पाठीवरची पिशवी उतरवली, फावडं काढलं आणि घळीच्या दिशेला तोंड असलेल्या एका लहान उतारावर खड्डा खणायला लागला. दीड मीटर खाली गेल्यावर त्याने खड्ड्याची भिंत गुळगुळीत केली. बर्फाचे थर चपातीच्या चवडीसारखे दिसत होते: वर वादळाचा मऊ बर्फ, त्याखाली वाऱ्याने दाबलेला घट्ट थर, आणि त्याच्याही खाली बोटभर जाडीचा एक पट्टा. त्यातले कण त्याने माझ्या हातमोज्यावर ठेवले. जाड साखरेसारखे, एकमेकांना न चिकटणारे. मग त्याने एक हातभर रुंदीचा खांब मोकळा कापला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि थापट्या मारायला लागला. आधी दहा मनगटातून, मग कोपरातून. तेराव्या थापटीला वरचा सगळा ठोकळा त्या साखरेवरून अलगद घसरून त्याच्या मांडीवर आला. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याने उताराचा कोन मोजला: ३४ अंश. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ टिकून राहतो, त्याहून उभा असेल तर मुळात साठतच नाही. म्हणजे स्कीसाठी जो उतार सर्वांत सुखाचा, तोच कोसळण्यासाठी सर्वांत सोयीचा. वादळानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट, कारण नवं ओझं जुन्या थराला अजून मुरलेलं नसतं. वाऱ्याने माथ्यावरून आणखी बर्फ आणून घळीत भरलेला असतो. त्यात वसंतातलं ऊन दुपारपर्यंत वरचा थर ओला आणि जड करतं. आणि बर्फाखाली सापडलेल्या माणसाला साथीदारांनी बाहेर काढायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी असतात.

वाटाड्या म्हणाला, "आज नहीं।" त्याने खड्डा बुजवला आणि जंगलाकडे वळला.

भाच्याने वाद घातला नाही, पण त्याचा चेहरा पडला. आम्ही झाडांमधून कमी उताराच्या वाटेने बाबा रेशींच्या दर्ग्याकडे उतरलो. तो उतार छान होता, पण ते 'छान' म्हणण्यातही सांत्वन होतं. दर्ग्याजवळच्या दुकानात आम्ही नून चाय प्यायलो. तिथून वर पाहिलं तर आमच्या त्या घळीवर तीन रेघा उमटलेल्या होत्या. दुसरा कुणी गट येऊन उतरून गेला होता. घळ कोसळली नव्हती. त्या दिवशी कोसळली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

भाचा त्या रेघांकडे बघत म्हणाला, "मग आपण का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावी परत आल्यावर मी काश्मीर-लडाखच्या लढायांची आणि मोहिमांची पुस्तकं वाचू लागलो ती या प्रश्नापायी. वाचताना एक गोष्ट मला टोचायला लागली. बर्फातल्या इतिहासात आपल्याला पोचल्याच्या तारखा मिळतात, थांबल्याच्या मिळत नाहीत.

भारतात खेळ म्हणून स्की आणली ती इंग्रज अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. नाताळात नि ईस्टरला साहेबलोक येत, आणि स्की खांद्यावर घेऊन वर चढवायला स्थानिक हमाल असत. खेळाच्या इतिहासात नावं उतरणाऱ्यांची राहिली. उतार कुठला बरा, कुठली घळ कधी टाळायची, हे ज्यांना माहीत होतं ते हमालांच्या खात्यात गेले.

मग १९४७-४८ चं युद्ध आलं आणि बर्फ हा खेळ राहिला नाही. जम्मू-काश्मीर संस्थानाच्या फौजेतले शेर जंग थापा १९४७ च्या नोव्हेंबरअखेरीस मूठभर माणसं घेऊन लेहहून निघाले आणि बर्फातून चालत डिसेंबरच्या सुरुवातीला स्कर्दूला पोचले. फेब्रुवारीत वेढा पडला. त्यांच्या मदतीला निघालेल्या तुकड्या पोचू शकल्या नाहीत. त्यांनी १४ ऑगस्ट १९४८ पर्यंत, सहा महिने, ते ठाणं लढवलं आणि अन्न-दारूगोळा संपल्यावरच शरण गेले. ही त्याच संस्थानी फौजेची गोष्ट, जी पुढे सुभेदारसाहेबांची रेजिमेंट झाली.

त्याच हिवाळ्यात लेहही उघडं पडलं होतं. झोजी-ला बर्फाने बंद होती आणि तोवर लेहला विमानतळ नव्हता. तेव्हा दुसऱ्या डोगरा पलटणीतले पृथी चंद, खुशाल चंद आणि भीम चंद पुढे आले. हे तिघे लाहौलचे, म्हणजे रोहतांग खिंडीपलीकडच्या, हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या मुलखातले. सुमारे चाळीस स्वयंसेवक घेऊन ते १९४८ च्या फेब्रुवारीत श्रीनगरहून निघाले आणि झोजी-ला ओलांडून ८ मार्चला लेहला पोचले. बरोबर लडाखी अभियंता सोनम नोरबू होते. त्यांनी गावकऱ्यांच्या हातांनी लेहला धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन तिच्यावर पहिलं डाकोटा उतरवलं.

त्या विमानाची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण मला त्या चाळीस माणसांच्या आधीच्या आयुष्याचं नवल वाटतं. फेब्रुवारीतली झोजी-ला ज्यांना अशक्य वाटत होती त्यांच्याकडे धैर्य कमी होतं असं नाही. लाहौलच्या माणसाला लहानपणापासून माहीत असतं की बर्फ गोठलेला असताना, उजाडायच्या आत चालायचं, ऊन चढलं की उताराखाली थांबायचं नाही, आणि वादळ ओसरलं म्हणून लगेच निघायचं नाही. हे ज्ञान कुठल्याही शाळेत शिकवलं जात नव्हतं. पलटणीला ते आयतं मिळालं, कारण ती माणसं तिथली होती.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झोजी-लावर रणगाडे चढले. इतक्या उंचीवर रणगाडे ही तेव्हा जगातली नवी गोष्ट होती, आणि थिमय्या पुढच्या रणगाड्यात होते. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात यावा असाच आहे. त्याच्या मागे मात्र एक बारीक तपशील आहे: हा हल्ला आधी ठरल्या दिवशी झाला नाही, हवामान बिघडल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला. ज्या दिवशी हल्ला झाला नाही त्या दिवसांची नावं कुणाला पाठ नसतात. डिसेंबरात थिमय्यांनीच गुलमर्गला आपल्या डिव्हिजनची स्की शाळा सुरू केली. तीच १९६२ मध्ये हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. म्हणजे हमालांच्या आणि लाहौली जवानांच्या अंगात जे होतं, ते पहिल्यांदा अभ्यासक्रमात लिहिलं जाऊ लागलं.

त्या शाळेचे पुढे प्रमुख झालेले कर्नल नरेंद्र कुमार, सैन्यातले 'बुल', १९६१ मध्ये नीलकंठ शिखरावर हिमदंशाने पायाची चार बोटं गमावलेले होते. तरी १९७८ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये त्यांनी सियाचिन हिमनदीवर मोहिमा नेल्या. त्यांची मुलगी शैलजा १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीवर उतरली. कुमारांच्या मोहिमांमुळे सियाचिनकडे दिल्लीचं लक्ष गेलं. १३ एप्रिल १९८४ रोजी, बैसाखीच्या दिवशी, चौथ्या कुमाऊँ पलटणीचे कॅप्टन संजय कुलकर्णी बिलाफोंड-ला खिंडीवर उतरले. उंची सुमारे ५,४५० मीटर. 'कुलकर्णी' हे नाव वाचून आमच्या घरातल्या सगळ्यांचे कान टवकारले होते, हे कबूल करतो.

चीता हेलिकॉप्टर बर्फावर टेकत नव्हतं, वर तरंगत होतं. बर्फ किती कठीण आहे हे कळावं म्हणून आधी पिठाचं पोतं खाली टाकलं, मग माणसांनी उड्या मारल्या. एका फेरीत दोघे, अशा सतरा फेऱ्यांत २९ जवान पोचले. काही तासांतच बिनतारी संदेश पाठवणारा जवान उंचीच्या आजाराने कोसळला आणि त्याला परत न्यावं लागलं. मग हवामान फिरलं. तीन दिवस हिमवादळ. खालच्या जगाशी संपर्क नाही. वादळ ओसरलं तेव्हा एक जवान मरण पावला होता आणि २१ जणांना हिमदंश झाला होता. पाठ्यपुस्तकात १३ एप्रिल आहे, तिरंगा लावल्याचा. पण मला वाटतं, ती खिंड राखली गेली ती त्यानंतरच्या तीन दिवसांत, काहीही न करता तंबूत टिकून राहण्यात. जवानांच्या दृष्टीने वसंत सुरू झाला होता. डोंगराला ते मान्य नव्हतं.

हे सगळं वाचूनही माझ्या भाच्याला देता येईल असं उत्तर मिळत नव्हतं. कारण थांबण्याचा पुरावा नसतो. जो उतार उतरला आणि वाचला, त्याच्याकडे रेघ असते, फोटो असतो. जो उतरला आणि गेला, त्याचं नाव दगडावर लागतं. जो परत वळला, त्याच्या हातात काहीच राहत नाही. घळ कोसळली असती की नसती, हे त्याला कधीच कळणार नसतं. इतिहास कागदावर उभा राहतो, आणि न घडलेल्या अपघाताचा कागद कुणी करत नाही.

आणि ज्ञान असूनही डोंगर ऐकतोच असं नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी, आम्ही ज्या खिलनमर्गवरून परत वळलो तिथेच, प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीवर हिमस्खलन आलं आणि १७ जवान गेले. ते देशातल्या सर्वांत तयार शाळेचे विद्यार्थी होते. १९६९ पासून मनालीला बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था काम करत होती. उतार मोजले जात होते, इशारे दिले जात होते. तेव्हा आमच्या वाटाड्याचं 'आज नहीं' बरोबर होतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की तो त्या दिवशी तीन रेघांच्या मोहापेक्षा तेराव्या थापटीवर विश्वास ठेवणारा माणूस होता. आणि असा विश्वास ठेवायचा तर शंभरातल्या नव्वद वेळा आपण उगाचच घाबरलो असं दिसणार, हेही त्याने आधीच मान्य केलं होतं. त्याच्या मजुरीत त्याचे वेगळे पैसे नव्हते. उलट नाराज झालेल्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी बक्षिसी त्याने गमावली असणार.

परत आल्यावर मी सुभेदारसाहेबांना भेटायला गेलो. ऐंशी ओलांडलेले, कानाने कमी ऐकणारे. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी कमानिया गेटवरून जलेबी नेली होती. फोनवर त्यांना फोटो दाखवला: ती न मोडलेली घळ, निळं आकाश, भाच्याचं स्प्लिटबोर्ड. बोर्डाचे दोन तुकडे कसे होतात हे त्यांनी दोनदा विचारलं आणि हसले. मग मी तीन रेघांची गोष्ट सांगितली आणि भाच्याचा प्रश्नही.

ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. बर्फाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "वो लड़का जिसने गड्ढा खोदा, उसका नाम क्या था?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा उच्चारून पाहिलं आणि जलेबीचा तुकडा मोडला.

रात्री मी बड्या फुहाऱ्यावरून चालत घरी आलो. दुकानं बंद होत होती, फुटपाथवर दिवसभराची ऊब होती. भाच्याचा संदेश आला होता. तो पुढच्या मार्चचा बेत आखत होता आणि त्याने लिहिलं होतं, "मामा, या वेळी चार दिवस जास्त ठेवूया. वादळ आलं तर थांबता येईल." खाली त्याच वाटाड्याचा नंबर मागितला होता.